उरलेल्या रकान्यातली पैठणी

माझे वडील 31 वर्षे कोषागार कार्यालयात होते. त्यामुळे आमच्या घरी रद्दीचे पैसेही 'संकीर्ण जमा' या सदराखाली येतात. माझे लग्न ठरले तेव्हा बाबांनी डायरीचे कोरे पान काढले, वर 'बस्ता' असे लिहून खाली दुहेरी रेघ मारली आणि एकूण 50,000 रुपयांची तरतूद केली. विहीणबाई 9,000, नणंद 6,000, आत्या 5,000, मामी आणि मावशी प्रत्येकी 4,000, आजीची नऊवारी 3,000 आणि उरलेले 19,000 रुपये 'वधू' या रकान्यात. नवऱ्या मुलाचा पोशाख यात नव्हता, कारण ज्याने त्याने आपापले कपडे आपापल्या घरून घ्यायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. शालू मुलाकडून आणि पोशाख मुलीकडून हा रिवाज आम्ही मोडला, म्हणून आत्या दोन दिवस माझ्याशी फक्त आजीमार्फत बोलत होती.

19,000 रुपये मला तेव्हा भरपूर वाटले. 'उरलेले' या शब्दाकडे माझे लक्षच गेले नव्हते.

पैठणी नावाने पैठणची असली, तरी आम्हा नाशिककरांना ती घ्यायला येवल्यालाच जावे लागते. थेट मागावरून घेतली की निम्म्यात पडते, हा सिद्धान्त मामीने मांडला आणि एका रविवारी भाड्याच्या जीपमधून आम्ही सहा जण येवल्यात उतरलो. दुकानात चपला काढून पांढऱ्या गादीवर बसताच मालकांनी चहा सांगितला आणि 'बजेट काय धरलंय, ताई?' असे आईला हळूच विचारले. आई 'बघू या' एवढेच म्हणणार होती, पण तेवढ्यात बाबांनी डायरी उघडून सर्व रकाने मोठ्याने वाचून दाखवले. मालकांनी ते आदराने ऐकून घेतले आणि पहिली पैठणी 48,000 रुपयांची उलगडली. 'नुसती बघा, बघायला काय पैसे पडतात?' ते म्हणाले. त्या क्षणापासून 9,000 रुपयांच्या पैठणीकडे बघताना विहीणबाईंचा अपमान होतो आहे, असे आईला वाटू लागले.

बस्त्यात आधी मानाच्या साड्या निघतात आणि मुलीची सर्वांत शेवटी, कारण मुलगी काय, घरचीच आहे. विहीणबाईंची पैठणी 11,400 रुपयांना ठरली. वरचे 2,400 रुपये कोठून आणायचे, असा प्रश्न बाबांना पडलाच नाही. त्यांनी माझ्या रकान्यातले 19,000 खोडून शांतपणे 16,600 लिहिले. नणंदेच्या साडीपायी 15,400 झाले. आत्याला मोर चालेना, मुनिया हव्या होत्या, आणि त्याही पदरावर दाटीने. मुनिया म्हणजे पैठणीवरचे छोटे पोपट. ते एकेक करून वाढले, तसा माझा रकाना 12,900 वर आला. आत्याला 7,500 ची मिळाल्यावर मामीने 4,000 ची घेतली असती, तर माहेरच्यांचे नाक कापले गेले असते, म्हणून मामीला 6,000 ची. मावशी बिचारी वरच्या 800 रुपयांवरच थांबली. एकट्या आजीच्या नऊवारीत 400 रुपये वाचले, पण त्याचे श्रेय आजीला देता येत नाही, कारण ती आली नव्हती.

अशा रीतीने तीन तासांनंतर, चौथ्या चहाच्या वेळी, 10,500 रुपयांसह मी गादीच्या मध्यभागी आले.

एवढ्या पैशांत सेमी, म्हणजे यंत्रमागावरच्या, पैठण्यांचा ढीग मिळाला असता. पण मालकांनी सेमी आणि हातमागाची अशा दोन पैठण्या उलट्या करून शेजारी ठेवल्या आणि माझा घात झाला. सेमीच्या मागच्या बाजूला धाग्यांची कापलेली टोके दिसत होती, तर हातमागाच्या पदरावरचा मोर मागूनही तितकाच रेखीव होता. साधा नारळी काठ, अंगभर बारीक बुट्टी आणि रंग असा, की मामीने त्याला जांभळा म्हटले आणि मावशीने हिरवा. वाद पेटला. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असल्यामुळे ती धूपछाव आहे आणि दोघींचेही बरोबर आहे, असे मालकांनी सांगितले. परंतु दोघींचेही बरोबर असणे हे आमच्या घराण्यात कोणालाच मान्य होण्यासारखे नव्हते.

मग आत्याने काडेपेटी मागितली.

खरे रेशीम जळले की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते; नकली धागा वितळून त्याची टणक गोळी होते. ही माहिती खरी आहे, पण रेशमाने भरलेल्या दुकानात ती सांगण्याची एक वेळ असते. मालक सिल्क मार्कचे लेबल दाखवत होते आणि पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचेही सांगत होते, पण आत्याचा मानांकनापेक्षा स्वतःच्या नाकावर विश्वास अधिक. अखेर पदराच्या दशीतला एक धागा तोडून घेऊन ती बाहेर पायरीवर गेली. वारा होता. तीन काड्या विझल्या, म्हणून चौथी तिने अगदी तोंडाजवळ धरून ओढली. केस जळल्याचा वास आला, याबद्दल सर्वांचे एकमत झाले. तो नेमका कोणाच्या केसांचा, याविषयीचा आपला मतभेद मामीने परतताना जीपमध्ये नोंदवला. राख मात्र खरोखरच चुरडली.

किंमत 12,500 होती. भिंतीवर 'एकच भाव' अशी पाटी होती आणि आई तिच्याकडे पाठ करून बसली होती. एकदा उठून जाणे, दारातून परत बोलावले जाणे, 'पोरीचं लग्न एकदाच होतं' हे वाक्य दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने वापरणे, असे सर्व विधी यथासांग पार पडले आणि भाव 10,800 वर येऊन गोठला. बाबांनी डायरी पाहिली. शिल्लक 10,500. खालच्या रेघेपलीकडे जाण्याची सवय त्या हाताला नव्हती.

तेवढ्यात आत्याने बटवा उघडला. 'अगं, पोरीच्या शालूसाठी मी मागे राहीन का?' असे म्हणत तिने शंभराच्या तीन नोटा मोजून बाबांच्या हातावर ठेवल्या. माझे डोळे भरून आले; तिचे मुनिया मी मनातल्या मनात माफ केले. बाबाही गहिवरले.

'असू दे रे,' आत्या म्हणाली, 'पण लिहून घे. माझ्याकडून आहेर झाला.'

बाबांनी पेनाचे टोपण काढले, 'आहेर जमा' असा नवा रकाना आखला आणि त्याखाली पहिली नोंद केली : ताई, रु. 300.