बैल आहेत तिथंच राहू द्या

इंग्लंडातल्या लेकीकडून आल्यावर नान्याने ग्रुपवर टाकलेले बेचाळीस फोटो कुणीच पाहिले नव्हते. एकेचाळिसावा शिऱ्याने पाहिला आणि काल कट्टा पेटला. फोटोत पुलाच्या कठड्यावर नंदी, मागे हिरवट पडलेला तांब्याचा घुमट.

"सेझिनकोट! ग्लॉस्टरशर!" (नान्या हे नाव आपण चुकावं म्हणूनच घेतो.) "हवेली आहे, कॉकरेलांनी बांधलेली. काय जपलंय! खानदानी लोक."

"कसले डोंबलाचे खानदानी?" शिऱ्या म्हणाला. "जॉन कॉकरेल ईस्ट इंडिया कंपनीचा कर्नल. 1795 ला जागा घेतली, 1798 ला गेला. मग भाऊ चार्ल्सनं कलकत्त्याच्या कमाईवर 1805 च्या सुमारास हे उभं केलं. नकाशे तिसऱ्या भावाचे. आर्किटेक्टची फीसुद्धा घरातच!"

"1807 ला इंग्लंडचा युवराज बघायला आला होता. त्यावरूनच त्याचा ब्रायटनचा महाल, तो पॅव्हेलियन…" नान्या म्हणाला.

"आत काय होतं?"

"आत… आत इंग्रजीच. झुंबरं, पडदे."

"म्हणजे बाहेरून नबाब, आत कंपनी. बंगालचा कारभारच की!"

बंड्याला चहाचा ठसका लागला.

बागेत हात इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलचा. सवाई माधवरावाच्या दरबारात कंपनीचा वकील मॅलेट तह करतोय, ते चित्र काढणारा तोच. 1790 च्या त्या दरबारात हा नव्हताच, जेम्स वेल्स या दुसऱ्या चित्रकाराच्या रेखाटनांवरून रंगवलं. तर पुलावरच्या बैलांवरून तिथंही वाद झाला. डॅनियलनं कळवलं, देवांचा विश्वकर्मा डोकावला तरी म्हणेल, बैल आहेत तिथंच राहू द्या.

"बघा! केवढी आस्था!" नान्या गहिवरला. "1944 ला क्लाइनवोर्ट बँकरांनी घेतलं, पण वीट हलवली नाही. आपल्याकडं जुन्याची किंमतच नाही."

ही चूक झाली.

"नान्या, तुझ्या वाड्याची दिंडी कुठाय रे?"

शांतता. वाडा बिल्डरला देताना हाच म्हणाला होता, ढेकूण आणि भाडेकरू सोडून त्यात आहे काय. दिंडी आता हायवेवरच्या एका हॉटेलात. मी परवा पाहिली. पितळी फुल्यांवर दोऱ्याने पाटी टांगलेली : 'वेटिंग 40 मिनिटे'.

"लिफ्ट नव्हती! आईचे गुडघे…"

"कॉकरेलच्या आईचे गुडघे ठणठणीत असणार."

नान्या चिडून उठला. तेवढ्यात टपरीवाला वही घेऊन आला, "काका, इंग्लंडला जायच्या आधीपासूनची उधारी आहे."

"राहू दे रे," शिऱ्या म्हणाला. "विश्वकर्मा डोकावला तरी हेच म्हणेल."