गोधडीतले खून

आडवा पाऊस लागला की मी बॅलिनरोबच्या लायब्ररीतून खून घेऊन येते. एका वेळी दोन-तीन. वर्गणी नाही, आणि २०१९ पासून आयर्लंडच्या सार्वजनिक लायब्रऱ्यांत उशिराचा दंडही नाही, त्यामुळे ते माझ्या घरी महिना-महिना पडून असतात.

या कादंबऱ्यांना इथे 'कोझी' म्हणतात. मी गोधडीतल्या रहस्यकथा म्हणते. आयरिश खेडं असलं की सामान ठरलेलं: एक पब, एक पोस्ट, चर्चमागची दफनभूमी, बेकरी चालवणारी विधवा आणि बिनबंदुकीचा गार्डा सार्जंट. (गार्डा म्हणजे इथले पोलीस. खऱ्या खेड्यातल्या गार्डाकडेही बंदूक नसते. पण २०१२-१३ मध्ये देशभरातली १३९ गार्डा स्टेशनं बंद झाली, हे कादंबऱ्यांना अजून कळलेलं नाही.) कुणाच्या तरी नव्या घराचा पाया खणताना हाडं निघतात. रक्त पानाआड सांडतं, स्कोन मात्र तपशीलवार भाजले जातात. शेवटी एकाला पकडतात आणि गाव पुन्हा धुतल्या तांदळासारखं.

अशाच एका पुस्तकाचं मुखपृष्ठ घरच्या ग्रुपवर टाकलं आणि वाद पेटला. ठाण्याचा मावसभाऊ म्हणाला, "बघ, आपल्याकडे गाव म्हटलं की दुष्काळ, कर्ज नाहीतर जात. असं गोड गाव कुणी लिहीतच नाही." वहिनीच्या मते रहस्यकथा म्हणजे एसटीत वाचून सीटवर विसरायची वस्तू. मग काकांनी बाबूराव अर्नाळकर काढले: हजाराच्या वर रहस्यकथा, झुंजार, काळा पहाड, त्यांना कुणी साहित्यिक म्हटलं का? हे भांडण माझ्या लहानपणापासून चालू आहे, मी त्यात पडले नाही. गोड गावाचं मात्र डोक्यात राहिलं. "तूच लिही की," असंही मावसभाऊ म्हणाला होता.

आमच्या घरापासून जवळच लॉक मास्क तळ्याकाठी एक जुनं घर आहे. १८८० मध्ये तिथे लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी राहायचा. खंडाच्या भांडणात कुळांनी त्याच्याशी व्यवहार तोडले. गडी गेले, धोबीण गेली, दुकानदार माल देईनात. शेतातलं पीक काढायला बाहेरून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई. पाचशे पौंडांच्या पिकावर दहा हजार पौंड गेले, असं सांगतात. कारभाऱ्याचं नाव कॅप्टन बॉयकॉट. वर्तमानपत्रांतून इकडून तिकडे फेकला जाणारा तो शब्द माझ्या शेजारचा आहे, हे कळलं तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

अभिमान डेल्व्हिनची गोष्ट वाचेपर्यंत टिकला. आयर्लंडच्या वेस्टमीथ काउंटीतलं हे छोटंसं गाव. १९१८ मध्ये तिथल्या शाळामास्तरांच्या मुलाने टोपणनावाने एक कादंबरी लिहिली, 'द व्हॅली ऑफ द स्क्विंटिंग विंडोज'. पडद्याआडून एकमेकांवर नजर ठेवणारं गाव. डेल्व्हिनने त्यात स्वतःला ओळखलं आणि पुस्तक चारचौघांत जाळलं. मुलगा हाताशी नव्हता, म्हणून बापाच्या शाळेवर बहिष्कार टाकला. मास्तर कोर्टात गेले आणि हरले. जमीनदाराविरुद्ध कुळांनी उपसलेलं हत्यार चाळीस वर्षांत एका मास्तराच्या मानेवर आलं. तिरप्या नजरेच्या खिडक्या हा वाक्प्रचार मात्र इथल्या बोलण्यात कायमचा राहिला.

आणि ट्यूम. ते खेडं नाही, गॉलवे काउंटीतलं लहानसं शहर आहे. लग्नाआधी आई झालेल्या बायकांसाठी कॅथलिक नन्सनी चालवलेलं होम तिथे १९६१ पर्यंत होतं. कॅथरीन कॉरलेस या गृहिणीने त्या होममध्ये वारलेल्या मुलांचे मृत्यूचे दाखले स्वतःच्या पैशाने मागवले. ७९६ निघाले, आणि दफनाची नोंद जवळजवळ कुणाचीच नाही. २०२५ मध्ये तिथे खोदकाम सुरू झालं. स्वयंपाकघरातल्या टेबलावरून तपास करणारी बाई, म्हणजे कोझीची हुबेहूब नायिका. फरक एवढाच की शाळेत असताना आपण होममधल्या एका मुलीला गोळीचा रिकामा कागद गुंडाळून दिला होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. कोझीतल्या नायिकेला असा भूतकाळ परवडत नाही. आणि इथे पकडायचं कुणाला? कोण कुठून आलं, कुठे गेलं, हे आजूबाजूला किती घरांत ठाऊक असेल!

गोड गाव लिहायला माझी हरकत नाही. या कादंबऱ्या मी चवीने वाचते आणि परत आणते. पण त्यांची सगळी गोडी गुन्हेगार एकच असण्यात आहे. मावसभावाला हवं असलेलं रायगडातलं गाव लिहायला बसले तर माझा हिशेब तिथेच चुकतो.

मी दुसरीत होते. आमच्या आळीतल्या एका घराला गावकीने वाळीत टाकलं. कारण काहीतरी बांधाचं. बैठक झाली, दंड ठरला, त्यांनी भरला नाही. मग गिरणीवाला त्यांचं दळण घेईना. गणपतीत त्यांच्या आरतीला घरचीच चार माणसं. त्यांची म्हातारी गेली तेव्हा खांद्याला माणूस मिळेना, बाहेरगावचे जावई आले. त्यांची मुलगी माझ्या बाकावर बसायची. मी बाक बदलला. मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाबासाहेब १९२७ मध्ये पाक्षिक काढतात आणि त्याचं नाव 'बहिष्कृत भारत' ठेवतात, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात मंजूर होतो २०१६ मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. कायदा चांगलाच आहे. पण त्यातही आरोपींची नावं लागतात, आणि आमच्या आळीतल्या त्या प्रकरणात मला नाव द्यायचं झालं तर मतदार यादीच द्यावी लागेल. त्यात आजोबा येतील.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा लांबच झालं. मावसभावाने अंगठा दिला. वहिनी काही बोलली नाही. रात्री आत्याचा वेगळा मेसेज आला. ती अजून गावातच असते.

"वाचलं. खरं आहे सगळं. पुस्तक लिहिलंस तर गावाचं नाव बदल हं बाय, आम्हाला इथे राहायचंय."