गोवा 36 तासांत मिळाला, असं म्हणणाऱ्यांसाठी

19 डिसेंबर, म्हणजे 1961मधल्या गोवामुक्तीचा दिवस, जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: गोव्यात लोक पोर्तुगीजांच्या राज्यात सुखात होते, जो काही गोंधळ झाला तो बाहेरून आलेल्या समाजवाद्यांनी घातला, शेवटी सैन्याने 36 तासांत, एकही गोळी न झाडता गोवा घेतला, आणि हे नेहरूंना 1947मध्येच करता आलं असतं.

गोळीचं आधी उरकून घेऊ. ‘ऑपरेशन विजय’मध्ये भारताचे 22 जवान कामी आले, त्यांतले सात नौसैनिक एकट्या अंजदीव बेटावर. पोर्तुगीजांचे तीसच्या आसपास मेले. लढाई लवकर आटोपली याचं थोडं श्रेय गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यालाही द्यायला हवं. मरेपर्यंत लढा, शरण जाऊ नका, असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता. तो त्याने पाळला नाही, म्हणून पुढे लिस्बनने त्याला सैन्यातून काढलं.

‘लोक सुखात होते.’ गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचे राणे मग कशासाठी पुन्हा पुन्हा उठले, दिपाजी राणे 1852मध्ये आणि दादा राणे 1895मध्ये? पण ते जुनं झालं. सालाझारच्या काळात सभेला परवानगी लागायची आणि छापलेला प्रत्येक कागद, अगदी लग्नपत्रिकासुद्धा, सेन्सॉरच्या हातून जायची. 1928मध्ये गोवा काँग्रेस समिती काढणारे टी. बी. कुन्हा हे चांदरचे. 1946मध्ये त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभं करून आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे यांचीही तीच वाट. आझाद गोमंतक दल या सशस्त्र गटाचा बाळा मापारी तर फेब्रुवारी 1955मध्ये पोलिसांच्या कोठडीतच मारला गेला. सुखी प्रजेवर हे सगळं करावं लागत नाही.

आता ‘बाहेरचे’. समाजवादी नेते राममनोहर लोहिया जून 1946मध्ये गोव्यात असोळण्याला आले ते मित्राच्या, डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी, विश्रांतीसाठी. भेटायला येणाऱ्या गोवेकरांनीच त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. 18 जूनला मडगावात भर पावसात माणसं जमली. पिस्तूल रोखून आलेल्या पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन मिरांडाचा हात लोहियांनी बाजूला सारला. ठिणगी त्यांनी टाकली हे खरं. पण त्यांना हद्दपार केल्यावर सत्याग्रह करून तुरुंगात गेले ते गोवेकरच.

तरी बाहेरचे आले, आणि आले हे बरंच झालं. 1954मध्ये दादरा-नगर हवेली हा पोर्तुगीजांचाच दुसरा मुलूख मुक्त झाला तो भारतीय सैन्याशिवाय. त्या मोहिमेत फ्रान्सिस मस्कारेन्हस, विश्वनाथ लवंदे असे गोवेकर होते आणि सुधीर फडक्यांसारखा महाराष्ट्राचा गायक-संगीतकारही होता. 1955मध्ये पुण्याहून गोवा विमोचन सहायक समितीने तुकड्या पाठवल्या: सेनापती बापट, ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये, मधु लिमये. त्या 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसं मेली. गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला पडलेला कर्नेल सिंग पंजाबचा होता. त्याच वर्षी सीमेवरच्या जंगलातून गुप्त रेडिओ सुरू झाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे गोवेकर तो 1961पर्यंत चालवत राहिले. आतले आणि बाहेरचे असा हिशेब ज्याला मांडायचा त्याने खुशाल मांडावा.

राहिलं 1947. ऑक्टोबर 1947पासून सैन्य काश्मीरमध्ये गुंतलं होतं, सप्टेंबर 1948मध्ये हैदराबादेत. 1949मध्ये पोर्तुगाल नाटो या पाश्चात्त्य लष्करी युतीचा संस्थापक सदस्य झाला. 1951मध्ये त्याने घटना बदलून गोव्याला ‘सागरपार प्रांत’ ठरवलं, म्हणजे गोव्यावर हल्ला हा पोर्तुगालवरच हल्ला, असा युक्तिवाद तयार. ही गाठ सोडवायला वेळ लागला. दादरा-नगर हवेलीचा खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात 1960पर्यंत चालला, आणि गोवा ही वसाहतच आहे हे संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 1960मध्ये मान्य केलं. एवढं होऊनही 18 डिसेंबर 1961ला सुरक्षा परिषदेत भारताने माघार घ्यावी या ठरावाला अकरापैकी सात मतं पडली; तो अडला सोव्हिएत नकाराधिकारामुळे. 1947मध्ये तो नकाराधिकार आपल्यासाठी कोण वापरणार होतं?

नेहरूंना जाब विचारायचाच तर 1955चा विचारावा. गोळीबारानंतर दिल्लीने पोर्तुगालशी संबंध तोडले, नाकेबंदी कडक केली आणि त्याच वेळी सत्याग्रहींनाही सीमेवर अडवलं. आत राहिलेल्यांना मग सशस्त्र गटांखेरीज मार्ग उरला नाही, आणि त्याची किंमत त्यांनीच मोजली. सांगलीचे मोहन रानडे ऑक्टोबर 1955मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांना 26 वर्षांची शिक्षा झाली. गोवा मुक्त झाला तेव्हा ते लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात होते आणि सुटले ते जानेवारी 1969मध्ये. गोव्याचे कवी आणि स्वातंत्र्यसैनिक तेलो मस्कारेन्हस तर 1970मध्ये सुटले.