सोलोचा प्रसंग पुन्हा बघा

लेखात २००३ च्या 'फ्रीकी फ्रायडे' या विनोदी सिनेमाला त्याच नावाच्या १९७६ च्या सिनेमाची नक्कल म्हटलंय, ते पटलं नाही. दोन्हींचं मूळ मेरी रॉजर्सची १९७२ ची कादंबरी. १९७६ ची पटकथाही तिचीच. तिथे तेरा तारखेचा शुक्रवार, मायलेकी एकाच क्षणी एकच इच्छा बोलतात, झाली मनांची अदलाबदल: आई मुलीच्या देहात, मुलगी आईच्या! २००३ मध्ये चायनीज रेस्टॉरंटमधली फॉर्च्यून कुकी आली आणि सुटकेची अटही: दुसरीसाठी निःस्वार्थपणे काही करायचं. त्यामुळे शेवट नुसत्या पळापळीवर न जाता आईच्या लग्नाआधीच्या जेवणातल्या छोट्या भाषणावर येतो.

अशा विनोदाची खरी मेख म्हणजे प्रेक्षकाला कायम कळायला हवं, आत्ता आत कोण आहे. नुसता आवाज बदलून भागत नाही. २००३ मध्ये आई झालेली जेमी ली कर्टिस, आत मुलगी असताना, बसते कशी, खांदे कसे टाकते ते बघा. उलट मुलगी झालेली लिंडसे लोहान ताठ होते, शब्द तोलून बोलते. सोलोच्या, म्हणजे एकटीने गिटार वाजवण्याच्या प्रसंगात तर दुहेरी काम आहे. मंचावर मुलीच्या देहातल्या आईला गिटार येत नाही, ती नुसती बोटं फिरवते. खरी वाजवणारी पडद्यामागे आईच्या देहात. म्हणजे लोहानने 'येत नसलेलं' वाजवायचं, कर्टिसने 'येत असलेलं'. इथे संकलन जरा चुकलं असतं तर सगळाच घोळ.

१९७६ चा शेवट मात्र भन्नाट. तिथे मनं नाही, देहच जागा बदलतात. आई थेट वॉटर स्कीवर!