बारावा कप

कालपासून डोकं तापून राहिलंय माझं, तेही १२० रुपयांसाठी. हमालांना चहा पाजला, पैसे माझ्या खिशातून गेले आणि वाउचर अजून गेटवरच्या खिळ्याला लटकून आहे.

झालं असं, की आमच्या जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मागच्या आठवड्यात नागपूरहून कंप्लायन्सवाल्या, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या, मॅडम आल्या. तासभर प्रोजेक्टर. कोसो नावाचं इंटरनल कंट्रोलचं, म्हणजे चूक-घोटाळा होऊ नये म्हणून आतल्या आत तपासणी ठेवायचं, अमेरिकन फ्रेमवर्क, १९९२ चं, २०१३ मध्ये नवं केलेलं, पाच घटक, सतरा तत्त्वं. खोटं कशाला बोलू, मला पटलं. जो माल मोजते त्यानं बिल बनवू नये, जो बिल बनवते त्यानं पैसे देऊ नये. पण आमच्याकडं माणसं किती, तं तीन. काटेवाला मोजतो, बिल मी बनवतो, पैसेही मीच देतो, मग चेकर कोण? मॅडमनी खिडकीतून पाहिलं. बाहेर चौकीदार मामाजी खर्रा घोटत होते.

झालं. मामाजींना 'तपासले' असा रबरी शिक्का मिळाला.

"किती कप?" मामाजींनी चष्मा पुसत विचारलं.

"बारा."

"म्या इथून अकरा मोजले."

"अहो मामाजी, बारावा तुम्हीच पेले ना!"

"पेलो. पण थो म्या कसा धरू? मॅडमनं सांगतलं हाये, चेकरचा फायदा असला तं त्यानं सही करू नये. आन् बिल कुठं हाये?"

"टपरीवाला बिल देते का?"

"मंग चहा झाला हे कायच्यावरून?"

आता हा माणूस वीस वर्षं माझ्या डब्यातली भाकर खातो! रोखीत एका दिवसात एकाला १०,००० च्या वर दिले तर इन्कम टॅक्समध्ये तो खर्च धरत नाहीत, शेतकऱ्याला कापसाचे दिले तर सूट आहे, हे सगळं मी तोंडपाठ सांगतो आणि मला १२० रुपयांचा पुरावा मागतात.

रात्री दहाला मालकांच्या साडभावाची ट्रॉली आली. कापूस मुठीत दाबला तं गोळा झाला, इतका ओला. बाकीच्यांचा ओलाव्याचा मीटर लावून भाव पाडतो आम्ही, बारा टक्क्यांच्या वर ओलावा असला तं सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, हातच लावत नाही. मालकांचा फोन आला, "घरचाच माल आहे, घेऊन टाका." मॅडमच्या पहिल्याच स्लाइडवर होतं, कंट्रोलचं वातावरण वरून बनते म्हणून. मी मीटर न लावता रकान्यात ११ लिहिलं. माझ्याच हातानं. मामाजींनी शिक्का मारला, तपासले.

"मामाजी, हे कसं काय चाललं?"

"सायबाचा फोन होता भाऊ. चहाले कोणाचा फोन होता?"

मार्चनंतर ऑडिटर येतील, २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे इंटरनल कंट्रोलवर मत देतील. ट्रॉलीचा कागद एकदम चोख सापडेल त्यांना. बिनाशिक्क्याचं वाउचर मात्र माझं.

आज सकाळी टपरीवाल्याचा पोरगा कप न्यायला आला. मामाजींनी त्याला गेटवर थांबवून एकेक कप मोजला. बारा भरले.

तरी शिक्का नाहीच. कालचे कप आजच्या तारखेत धरता येत नाहीत म्हणे.