‘फक्त ट्यूनिंग बाकी आहे’ म्हणे!

माझ्दाच्या आरएक्स-७सारख्या टर्बो रोटरी गाड्यांच्या (पिस्टनऐवजी फिरणाऱ्या तिकोनी रोटरांचं इंजिन, आणि त्यात जास्तीची हवा ठासणारा टर्बो) वेडापायी झपाटलेल्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, सूर तोच: ‘धडधाकट, स्टॉक (कंपनीतून आली तशीच) आरएक्स-७ शोधत बसू नका. कुणीतरी अर्धवट सोडलेली मॉडिफाइड गाडी उचला. रोटरीत हलते भाग तीनच, बिघडणार काय? महागाचे पार्ट त्यानं बसवलेलेच असतात, फक्त ट्यूनिंग बाकी असतं. आणि समजा इंजिन गेलंच, तर शनिवार-रविवारात घरच्या घरी बांधता येतं.’

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं पसरतं. मीही याच हिशेबानं एकदा एक एफसी, म्हणजे दुसऱ्या पिढीची आरएक्स-७, बघायला गेलो होतो. तिची हकिगत मधे मधे येईल.

‘हलते भाग तीनच.’ दोन रोटर आणि ते ज्याला फिरवतात तो एक एक्सेंट्रिक शाफ्ट, एवढंच मोजलं तर तीनच. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग बेल्ट नाही. पण फटीतून वायू निसटू न देणारे सील कुणी मोजायचे? प्रत्येक रोटरच्या तीन टोकांवर तीन एपेक्स सील, दोन्ही बाजूंना मिळून सहा साइड सील, कोपऱ्यांत सहा कॉर्नर सील. दोन रोटरांचे झाले तीस. त्यांच्याखालच्या स्प्रिंगा आणि तेलाच्या रिंगा वेगळ्याच. हे सगळं हलतं, घासतं, तापतं, आणि इंजिनाचा जीव त्यातच असतो. एपेक्स सील म्हणजे ८० मिलिमीटर लांब आणि १९८६ नंतरच्या १३बी (आरएक्स-७मधलं दोन रोटरांचं) इंजिनांत २ मिलिमीटर जाड अशी एक पट्टी. पिस्टनच्या इंजिनात सिलिंडर झिजला तर बोअर मारून पुढच्या मापाचा पिस्टन टाकता येतो. रोटरीच्या हाउसिंगला, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाला, आतून क्रोमचा थर असतो आणि त्याचा आकार गोल नसतो. क्रोम उडालं की बोअर वगैरे विसरा, हाउसिंगच बदलायचं. माझ्दाच्या इंजिनिअरांनाही याच पृष्ठभागानं घाम फोडला होता. सील थरथरून तिथं ओळीनं ओरखडे उमटायचे, त्यांना ते ‘सैतानाची नखं’ म्हणत. केनिची यामामोतोंच्या चमूनं त्यावर तोड काढली तेव्हा कुठं १९६७ साली माझ्दाची पहिली रोटरी गाडी, कॉस्मो स्पोर्ट, विक्रीला आली. भाग कमी आहेत हे मान्य. पण जे आहेत त्यातला एकही चूक पोटात घालत नाही.

‘महागाचे पार्ट बसवलेत, फक्त ट्यूनिंग बाकी.’ या एका वाक्यानं जितकी इंजिनं खाल्ली असतील तितकी कशानंच नसतील, असं माझं प्रामाणिक मत आहे.

टर्बो मोठा केला किंवा बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) वाढवला म्हणजे हवा वाढवली. हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोल वाढायला हवं. म्हणजे मोठे इंजेक्टर, दमदार फ्युएल पंप, आणि कधी किती पेट्रोल सोडायचं हे नव्यानं शिकवलेला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. अर्धवट गाड्यांत हा क्रम हमखास उलटा असतो. जे दिसतं आणि ऐकू येतं ते आधी बसतं: पुढचा भलामोठा इंटरकूलर, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, जाडजूड एक्झॉस्ट. जे टाकीत नाहीतर कार्पेटखाली लपतं, ते ‘पुढच्या महिन्यात’.

त्यात या गाड्यांची एक खोड आहे. मूळ टर्बोचा वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला टाळून सोडणारी झडप) त्याच्या पोटातच असतो आणि त्याचं भोक बेताचं. कंपनीचा एक्झॉस्ट वाट अडवत असतो तोवर ते पुरतं. ती अडवणूक काढून टाकली की वायू इतक्या जोरात निघतो की वेस्टगेट पूर्ण उघडूनही बूस्ट थांबत नाही, आरपीएमबरोबर आपोआप चढत जातो. याला बूस्ट क्रीप म्हणतात. म्हणजे ‘मी तर फक्त एक्झॉस्ट बदललाय’ म्हणणाऱ्यानं नकळत बूस्टही वाढवून ठेवलेला असतो. थंडीच्या दिवसांत हवा आणखी दाट, म्हणजे आणखी वाईट.

कंपनीला हे ठाऊक होतं. म्हणून ठरावीक दाबाच्या वर गेलं की ईसीयू पेट्रोल तोडतो. गाडी गचका देते, चालवणारा वैतागतो, इंजिन वाचतं. यावर लोकांनी काय शोधून काढलं? ‘फ्युएल कट डिफेंडर’ नावाची एक छोटी डबी. प्रेशर सेन्सरच्या वायरीत ती घातली की ईसीयूला दाब खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. गचका बंद. पण वाढलेल्या हवेला पेट्रोल कुठून येणार? ईसीयूला वाढलेली हवा दिसतच नाही. मिश्रण पातळ होतं, नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे अवेळी स्फोट, सुरू होतं. साधं पिस्टन इंजिन थोडंफार नॉकिंग कुरकुरत सोसतं. इथं एखाद-दुसरा जोराचा दणका एपेक्स सीलचा तुकडा पाडायला पुरतो. तो तुकडा एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडतो आणि समोर काय असतं? टर्बोचं टर्बाइन. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही जळलेला.

मी बघितलेल्या त्या एफसीत बूस्टचा गेज अगदी डोळ्यांसमोर, काचेशेजारच्या खांबावर बसवलेला. हवा-पेट्रोलाचं प्रमाण दाखवणारा गेज नव्हता. मी ईसीयूकडे जाणाऱ्या वायरी बघू का म्हणून विचारलं. मालकानं खांदे उडवले. कार्पेट उचललं तर तीच डबी, दोन वायरी पिळून जोडलेल्या आणि वर काळी चिकटपट्टी, उन्हाळ्यात तिचा डिंक वितळून बाहेर आलेला. डिंकावर धूळ बसून कडक झाली होती. म्हणजे हे कालचं काम नव्हतं. कित्येक महिने, कदाचित कित्येक वर्षं, ती गाडी तशीच पळवली गेली होती.

‘फक्त ट्यूनिंग बाकी’चा खरा अर्थ हा. ट्यूनिंग करायच्या आधीच गाडी चालवून झालेली असते.

‘इंजिन टर्बोचंच आहे.’ विचारून घ्या, आणि नंबर ताडून बघा. बिनटर्बोच्या एफसीवर टर्बो चढवलेल्या गाड्याही याच नावाखाली विकल्या जातात. एफसीच्या पहिल्या मालिकेत टर्बो इंजिनाचं कम्प्रेशन प्रमाण (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८.५ होतं, बिनटर्बोचं ९.४. दुसऱ्या मालिकेत ९.० आणि ९.७. जास्त कम्प्रेशनवर टर्बो चालतो, पण नॉकिंगपासूनचं अंतर तेवढंच कमी होतं. शिवाय बिनटर्बो गाडीचा गिअरबॉक्स टर्बोच्या गिअरबॉक्सइतका मजबूत नसतो. नीट केलेली अशी गाडी चांगली निघू शकते. पण ज्यानं हे नीट केलेलं असतं तो ती अर्धवट विकत नाही.

‘कम्प्रेशन चेक केलंय, व्हिडिओ आहे.’ कुठल्या टेस्टरनं? नेहमीचा टेस्टर लावला तर त्यातला व्हॉल्व्ह सगळ्यात मोठा दाब धरून ठेवतो. रोटरला तीन बाजू असतात. दोन मेलेल्या आणि एक चांगली असली तरी काटा चांगलाच आकडा दाखवणार. रोटरीचा वेगळा टेस्टर तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे देतो आणि ते २५० आरपीएमला किती होतील हेही सांगतो. हे दुसरं महत्त्वाचं, कारण स्टार्टर जोरात फिरला की आकडा आपोआप फुगतो. टर्बो १३बीत १०० पीएसआयच्या आसपास म्हणजे छान, ८५च्या खाली म्हणजे इंजिन उघडायची वेळ. आणि तिन्ही बाजूंमध्ये फार तफावत नको. दोन बाजू ९५ आणि तिसरी ६० असेल तर सरासरी काढत बसू नका, एक सील गेलाय.

असा टेस्टर नसेल तर साध्या टेस्टरचा व्हॉल्व्ह दाबून धरायचा आणि थ्रॉटल पूर्ण उघडून, पेट्रोल बंद करून स्टार्टर मारायचा. काटा उड्या मारतो. तीन सारख्या उड्या आणि प्लगच्या भोकाशी सारखा ताल, फुस-फुस-फुस, फुस-फुस-फुस. ‘फुस-फुस’ आणि मग पोकळ श्वास आला की समजायचं. आकडे यातून नेमके मिळत नाहीत, पण मेलेली बाजू लपत नाही. एक चलाखी मात्र लक्षात ठेवा: प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडलं की दमलेले सीलही तात्पुरते घट्ट बसतात. टेस्टनंतर गाडी सुरू होताना निळ्या धुराचा लोट निघाला तर तो कशाचा, हे विचारायला लाजू नका.

त्या एफसीकडे मी पोचलो तेव्हा बॉनेट हाताला चटका देईल इतकं तापलेलं. ‘तुमच्यासाठी गरम करून ठेवली,’ मालक म्हणाला. त्यात आपुलकी असेलही. पण रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाची पहिली सुरुवात बघितल्याशिवाय कूलंटच्या सीलबद्दल काहीच कळत नाही. ते सील गेले असतील तर रात्रभरात कूलंट आत झिरपतं. सकाळी काही क्षण गाडी एका रोटरवर अडखळते आणि गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. तापल्यावर सगळं गोजिरवाणं. मी म्हटलं, आता बंद करा, दहा-पंधरा मिनिटं थांबून परत लावू. गरम इंजिन परत सुरू होताना कुरकुरलं की कम्प्रेशन उतरलंय असं धरायला हरकत नसते. तो स्टार्टर मारत राहिला, मारत राहिला, मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून एकदाची धडधडली. ‘बॅटरी जुनी आहे,’ तो म्हणाला. बॅटरीवर चार महिन्यांपूर्वीची तारीख होती.

‘ब्रॅप-ब्रॅप आवाज म्हणजे ब्रिज पोर्ट.’ असेल. ब्रिज पोर्ट किंवा पेरिफेरल पोर्ट (ताकदीसाठी हवेची वाट मोठी करायच्या दोन पद्धती) कापलेलं इंजिन मंद चालताना खरंच तसं टपटपतं. पण एपेक्स सील गेलेला रोटरही अडखळतच चालतो, आणि मोबाईलच्या व्हिडिओत दोन्ही सारखंच ऐकू येतं. पोर्ट कुणी कापले, फोटो आहेत का, हे विचारा. उत्तर ‘आधीच्या मालकानं’ असेल तर तो आवाज ताकदीचा आहे असं मी तरी धरणार नाही.

‘नको त्या नळ्या आणि ऑइल मीटरिंग पंप काढून इंजिन सुटसुटीत केलं.’ एफडीच्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७च्या, नळ्यांचं जंजाळ बघून कुणालाही कात्री घ्यावीशी वाटेल, मलाही वाटलंय. पण त्या नळ्या दोन टर्बोंचा पाळीपाळीचा खेळ चालवतात. आधी पहिला, साधारण ४,५०० आरपीएमला दुसरा येऊन मिळतो. त्यातली एक नळी चुकीच्या जागी बसली तर दुसरा टर्बो येतच नाही, किंवा भलत्याच वेळी येतो. एकच मोठा टर्बो लावून हे सगळं रीतसर काढलं असेल तर गोष्ट वेगळी. ऑइल मीटरिंग पंपाचं तसंच. एपेक्स सीलना वंगण म्हणून तो थोडं थोडं तेल आत सोडतो. काढला तर प्रत्येक वेळी पेट्रोलात टू-स्ट्रोक तेल मिसळावंच लागतं. मी त्या मालकाला विचारलं, किती मिसळता? ‘अंदाजानं’, आणि मग थोड्या वेळानं, ‘आठवलं तर’.

‘ले माँ जिंकलेलं इंजिन आहे हे.’ नाही. १९९१ साली ती २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझ्दा ७८७बीचं आर२६बी इंजिन चार रोटरांचं होतं, प्रत्येक रोटरला तीन प्लग, आणि टर्बो नव्हताच. नातं आहे, पण काकाच्या पदकावर पुतण्याला धावता येत नाही.

‘बिघडलं तर शनिवार-रविवारात बांधून होतं.’ उघडून होतं, हे नक्की. प्लेट, हाउसिंग, प्लेट, हाउसिंग, प्लेट अशी रचलेली थप्पी, लांब बोल्टांनी आवळलेली. मागचा ५४ मिलिमीटरचा नट सोडला की दुपारपर्यंत सगळं टेबलावर. खरं काम तिथून पुढे. हाउसिंगचं क्रोम कडेला किती उडालंय, प्लेटांवर सीलांनी किती खाच पाडलीय, रोटरची खोबण नॉकिंगनं दबलीय का, हे सगळं मापायचं. बारा साइड सील एकेक करून हातानं घासून बसवायचे, कॉर्नर सीलशी फट ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर. पुढचा बोल्ट आवळताना आतली बेअरिंग जराशी सरकून चिमटली, तर तेच परत उघडायचं. त्यात आधीच्या माणसानं काय केलंय हे शोधण्यात निम्मा वेळ जातो, कारण पिळलेल्या वायरी आणि चुकीच्या जागी बसवलेले सेन्सर आधी उसवावे लागतात. स्टॉक गाडीत निदान सर्व्हिस मॅन्युअल खोटं बोलत नाही.

खरं तर इंजिन बाहेर काढलेली, स्टॉक पार्ट खोक्यांत लेबल लावून ठेवलेली गाडी मला ‘चालू’ मॉडिफाइड गाडीपेक्षा बरी वाटते. तिथं निदान काय मेलंय ते समोर पडलेलं असतं.

त्या एफसीचं इंजिन ‘नुकतंच बांधलेलं’ होतं असं जाहिरातीत लिहिलं होतं. मी मालकाकडे हाउसिंग आणि प्लेटांची मापं लिहिलेला कागद मागितला. त्यानं ड्रॉवर उघडला, बराच वेळ शोधलं, आणि सील किटचं बिल माझ्या हातात ठेवलं.