गाऊनवर ओढणी

बेल्जियममधल्या गेंट नावाच्या शहरात सध्या एका भिंतीवर मी टांगलेली आहे. गाऊन घातलेली, वर ओढणी. गाऊनवर कोकमाचे लाल डाग, एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट कुणावर तरी रोखलेलं, तोंड उघडं. परवा भाचीने त्या भिंतीचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, ‘मावशी, यू आर फेमस!’ आणि पुढे हसून हसून रडणारी पिवळी तोंडं. भिंतीशेजारी एक उंच गोरा माणूस वाईनचा पेला घेऊन उभा आहे. माझं डोकं त्याच्या डोक्याहून मोठं आहे. त्याची नजर नेमकी डागांवर आहे. खुनाच्या खटल्यातली बाई म्हणूनच मला बघत असणार मेला.

भाची तिथे शिकते. तिच्या ओळखीतली ही फोटोग्राफर पोरगी परक्या शहरातल्या मध्यमवर्गीय कुटुंबांचं रोजचं जगणं टिपत हिंडते. भारतात येणारे कॅमेरे एक तर राजवाड्यापाशी थांबतात नाही तर झोपडपट्टीपाशी, मधले लोक कुणी बघतच नाही, असं तिचं म्हणणं. ते मला पटलं. आम्ही रत्नागिरीत थिबा पॅलेस रोडवर राहतो. म्हणजे राजवाडा सोडून पोरगी आमच्या दुसऱ्या मजल्यावर आली, याचं कौतुकच वाटलं होतं तेव्हा.

पहिल्या दिवशी तिने लॅपटॉपवर आधीच्या लोकांची कामं दाखवली. बिल ओवेन्स म्हणून एक अमेरिकन. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावात वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचा आणि १९७०च्या सुमारास त्याने तिथल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांची घरं, स्वयंपाकघरं, अंगणं टिपली. आपल्या दयानिता सिंग यांनी १९९०च्या दशकात सुखवस्तू घरांतली माणसं त्यांच्याच दिवाणखान्यात बसवून टिपली, तेही दाखवलं. आणि पीटर मेंझेल. याने १९९४मध्ये तीस देशांतल्या सर्वसाधारण कुटुंबांचे फोटो पुस्तकात आणले. प्रत्येक कुटुंब आपल्या घरासमोर, आणि घरातलं झाडून सगळं सामान बाहेर मांडलेलं. हे ऐकून सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “करू या की. नाही तरी पावसाच्या आधी माळा उपसायचाच आहे.” आमच्या ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पेपर खाली ठेवला. माळ्यावर ह्यांचे तीन स्टोव्ह, एक बंद टेपरेकॉर्डर आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्या आठवड्यातले सगळे पेपर आहेत. “ते नको,” ह्यांनी ठामपणे सांगितलं आणि पेपर परत वर गेला.

तिची अट एकच, माझ्याकडे लक्ष देऊ नका. पावणेसहा फूट पोरगी ओट्याशेजारी वॉशिंग मशीनवर चढून बसली आहे, आणि आपण तिच्याकडे लक्ष न देता फोडणी घालायची. सासूबाईंनी अट साफ नाकारली. त्यांच्या काळात फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन, मागे तळं आणि हंस रंगवलेला पडदा लावून, गुडघ्यावर हात ठेवून काढायची गोष्ट. कॅमेरा वर झाला की त्या पदर सारखा करत, हात गुडघ्यांवर ठेवत आणि श्वास रोखत. पोरगी कॅमेरा खाली करायची तोवर त्या निळ्या पडायच्या.

तरी एवढ्यावर निभावलं असतं. पण तळमजल्यावरचे अण्णा विरजण मागायला वर आले.

अण्णा निवृत्त शिक्षक, आणि सोसायटीचे माजी सेक्रेटरी. ‘माजी’ हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे. दारातूनच त्यांनी पाहिलं, पोरगी आमच्या चपलांच्या ढिगाचा फोटो काढत होती. अण्णांनी विरजणाची वाटी चपलांच्या कपाटावर ठेवली आणि ढिगापुढे आडवे उभे राहिले.

“नो, नो, मॅडम. दिस इज नॉट अवर डेली लाइफ.”

पोरीने नम्रपणे विचारलं, मग तुमचं रोजचं आयुष्य कुठे आहे?

“डेली लाइफ विल कम,” अण्णा म्हणाले. “यू वेट.”

आणि माझ्याकडे वळून, “वहिनी, अहो हे काय? चपला, गाऊन, फ्रिजवर औषधांचा डबा, कढीपत्ता हॉर्लिक्सच्या बाटलीत. जगात हे जाणार! कोकण म्हणून हे जाणार! नऊवारी आहे की नाही तुमच्याकडे?”

मी म्हटलं, अण्णा, नऊवारी नेसून मी कधी पोळ्या केल्यात?

“तुम्ही नाही केल्यात. पण केल्या जातात की नाही?”

यावर काय बोलणार? अण्णा खाली गेले आणि डेली लाइफ घेऊन वर आले. स्वतः पीतांबरात, उघड्या अंगाने, कपाळाला गंध. मागे त्यांची सून. बिचारीची मे महिन्यातली सुट्टी, आणि तिला नऊवारी, नथ, गजरा. चेहऱ्यावर असा घाम की नथ सारखी घसरत होती. तिच्या मागे नातू, डोक्याला काळी टोपी, हातात मोबाइल. आणि सगळ्यांत शेवटी वॉचमन, दोन्ही हातांत वरवंटा धरून.

“पाटा?” मी विचारलं.

“पाटा गच्चीवर टाकीच्या झाकणावर ठेवलाय,” वॉचमन म्हणाला. “काढला तर कबुतरां जातील आत.”

“पाट्याचं बघू. तुम्ही ओट्यावर नुसता वरवंटा फिरवा, वहिनी,” अण्णा म्हणाले. “मॅडमना काय कळतंय?”

मॅडमना सगळं कळत होतं. तिने वरवंट्याचा एकही फोटो काढला नाही. ती नातवाच्या मोबाइलचे काढत होती आणि अण्णा दर वेळी मध्ये हात घालून मोबाइल झाकत होते. मग त्यांनी आमच्या सोफ्यावर बैठक मारून तिला इतिहास सांगायला घेतला. “यू फोटोग्राफ फॉरेन फॅमिली? वुई हॅड फॉरेन फॅमिली, मॅडम! रॉयल!” १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केलं, पुढच्या वर्षी त्याला बायकापोरांसकट रत्नागिरीत आणून ठेवलं, वाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं आणि १९१६मध्ये राजा इथेच वारला, इथपर्यंत ते बरोबर सांगत होते. मग म्हणाले, “ओन्ली सिक्स इयर्स इन न्यू हाउस! वहिनी, तुमचा ताबा कधीचा हो?”

आमचा ताबा २०१९चा. ह्यांनी पेपराआडून बोटं मोजलेली मला दिसली.

अण्णांचं हे खूळ त्यांच्या एकट्याचं नाही, म्हणून जास्त चीड येते. कोकण म्हटलं की सगळ्यांना कौलं, चिऱ्याचे गडगे, सारवलेलं खळं आणि ओटीवर अडकित्ता घेऊन बसलेले आजोबा हवे असतात. पुण्यामुंबईची माणसं शनिवारी येतात, भाट्याच्या पुलावर गाडी बाजूला लावतात, माडांचे फोटो काढतात आणि आम्ही सिलिंडरच्या माणसाची वाट बघत गॅलरीत उभ्या असतो तिकडे त्यांची मान वळत नाही. वळली तर म्हणतात, काय हो, इथेपण सिमेंटच्या बिल्डिंगी झाल्या! मग काय करायचं होतं? दर वर्षी कौलं परतायला माणूस तुम्ही पाठवणार होतात का? गावचं घर आम्ही हौसेने नाही सोडलं. सासऱ्यांमागे वाटेकरी अकरा झाले आणि पावसात पडवी बसली.

आणि गाऊनचं म्हणाल, तर मे महिन्यात रत्नागिरीत ओट्याशी उभं राहून दाखवा. हवा इतकी दमट असते की टॉवेल वाळत नाही, माणूस काय वाळणार? दाराच्या मागे खिळ्याला ओढणी असते. बेल वाजली की ती खांद्यावर येते, दूधवाला गेला की परत खिळ्याला. कोकणातल्या निम्म्या बायका मे महिना असाच काढतात. पण त्या गेंटमध्ये टांगलेल्या नाहीत.

जाण्यापूर्वी पोरीने सगळे फोटो दाखवले. मी, सासूबाई, हे आणि बोलावलं नसताना अण्णा, असे सगळे लॅपटॉपभोवती. पहिला फोटो, हे पेपर वाचताहेत. खिडकीतून तिरपा उजेड, चष्म्याची कड चमकते आहे, कपाळावरची एकेक सुरकुती मोजून घ्यावी. दुसरा, हे चहा पिताहेत. कपावरची वाफसुद्धा दिसते. सासूबाई हात गुडघ्यांवर ठेवून, स्पष्ट. आणि प्रत्येक फोटोत मागे कुठे तरी एक निळसर ढग. कधी ओट्याशी, कधी फ्रिजपाशी, एकदा ह्यांच्या हातात कप देताना. हात ह्यांचा, कप स्पष्ट, देणारी गायब.

मी विचारलं, हे काय? कॅमेरा बिघडलाय का?

तिने समजावलं. ती फ्लॅश वापरत नाही. घरातला उजेड कमी, त्यामुळे शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढं तरी उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात जो हलला तो धूसर येतो, जो बसून राहिला तो स्वच्छ येतो.

“बघ,” हे म्हणाले, “मी तुला सांगत असतो, जरा एका जागी बस म्हणून.”

मी काही बोलले नाही. पोरीसमोर नको म्हटलं. पण त्या रात्री कप ह्यांनीच विसळले. कोणी फोटो काढला नाही.

मी स्वच्छ आले आहे ते फक्त गच्चीवर. भर उन्हात शटर पापणी लवायच्या आत मिटतं. गच्चीवर माझी आमसुलं वाळत होती, रसाची पुटं अजून द्यायची होती. दुपारनंतर पूर्वेकडून सह्याद्रीवर ढग चढताना दिसले. वळवाचा भरवसा नाही, म्हणून मी होते तशी धावले, ओढणी जाता जाता ओढली. वर बघते तर माझी चादर निम्मी दुमडलेली आणि उन्हातल्या कोपऱ्यात फणसपोळीची ताटं. शेजारी अण्णा, पीतांबरात. डेली लाइफ अजून उतरवलं नव्हतं त्यांनी.

“चादर कुणी हलवली?”

“वहिनी, त्या कोपऱ्याचा ठराव झालेला आहे.”

“कुठल्या सभेत?”

“मी सेक्रेटरी असताना.”

पुढचं मी बोलले ते इथे लिहीत नाही. पोरगी जिन्यात उभी राहून काढतच होती, मला पत्ताही नव्हता. आणि ऊन अजून होतं! पाऊस तर त्या दिवशी आलाच नाही.

या एका फोटोची निवड झाली. ह्यांचा तिरप्या उजेडातला नाही, सासूबाईंचा नाही. भाचीने खालची पाटीही वाचून दाखवली: ‘रत्नागिरी. गृहिणी आणि शेजारी.’ सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवते आहे मी. गृहिणी! फॉर्मवर ह्यांनी लिहिलं असणार, विचारलं तर म्हणतात आठवत नाही.

अण्णांचं दुःख वेगळंच. भिंतीवर त्यांची फक्त पाठ आहे, पीतांबराची गाठ आणि हातातलं ताट. काल संध्याकाळी ते वर आले, वाटी न घेता. खिशातून फुलस्केप काढला, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचून दाखवला. रिस्पेक्टेड मॅडम, सदर छायाचित्रात शेजाऱ्याचा चेहरा आलेला नसून, फणसपोळीच्या ताटांमुळे परदेशात गैरसमज होण्याची शक्यता आहे. तरी हे छायाचित्र उतरवून त्या जागी वरवंट्याचे लावावे.

“वरवंट्याचा तिने काढलाच नाही,” मी म्हटलं.

“तर येऊन काढावा. पाट्याची सोय करतो.”

खाली अण्णांची लफ्फेदार सही, हुद्द्यासकट. शेजारी ‘कुटुंबाची संमती’ असं लिहून दोन रेघा. एका रेघेवर ह्यांची सही होऊन गेली होती. दुपारी मी बाजारात गेले तेव्हा, बसल्या जागेवरून.